मधलं पद पळवण्याची युक्ती

माकडांचा एक कळप आहे. कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग केला तर जी संख्या येते, तेवढी माकडं रानात बागडतायत. उरलेली बारा टेकडीवर बसून कलकलाट करतायत. एकूण माकडं किती?

हे कोडं भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथातलं, म्हणजे सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वीचं. समीकरण वगैरे नंतर मांडू, आधी नुसता अंदाज करून पाहू. आठवा हिस्सा पूर्ण यायचा तर संख्या आठाच्या पाढ्यातली हवी. आठ माकडं धरली तर आठवा हिस्सा एक, त्याचा वर्ग एक, त्यात टेकडीवरची बारा मिळवली की झाली तेरा. कळप आठांचा आणि मोजणी तेरांची, म्हणजे पाच जास्त. सोळा धरली तर दोनाचा वर्ग चार, चार नि बारा सोळा. जुळलं!

इथंच थांबावंसं वाटतं. शाळेची सवय तशीच असते: उत्तर आलं, खाली दोन रेघा मारल्या, पुढचं गणित. पण आणखी थोडं जाऊ. चोवीस धरली तर रानात नऊ, टेकडीवर बारा, मिळून एकवीस. तीन माकडं गहाळ. बत्तीस धरली तर अठ्ठावीसच सापडतात, चार गहाळ. चाळीस धरली तर सदतीस, पुन्हा तीन गहाळ. अठ्ठेचाळीस धरली तर सहाचा वर्ग छत्तीस, छत्तीस नि बारा अठ्ठेचाळीस. पुन्हा जुळलं! छप्पन्नला एकसष्ट येतात, पाच जास्त.

म्हणजे उत्तरं दोन, आणि दोन्ही बिनचूक. सोळांचा कळपही खरा आणि अठ्ठेचाळिसांचाही. मला मात्र त्याहून मौज वाटते ती या चुकांची. पाच जास्त, शून्य, तीन कमी, चार कमी, तीन कमी, शून्य, पाच जास्त. उलटीकडून वाचा, तेच. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य कुठूनही वाचलं तरी तेच राहतं ना, तसं. बरोबर मध्ये, बत्तीसवर, कुणीतरी आरसा उभा करून ठेवलाय, आणि दोन्ही उत्तरं त्या आरशापासून सारख्याच अंतरावर आहेत: सोळा पावलं इकडे, सोळा पावलं तिकडे.

हा आरसा आधीच कुठे आहे ते कळलं असतं तर? माकडांच्या संख्येला क्ष म्हणू. कोडं आवरून-सावरून लिहिलं की असं दिसतं:

क्ष वर्ग − ६४ क्ष + ७६८ = ०

यातल्या ६४ चं निम्मं करा. बत्तीस. आरसा समीकरणाच्या मधल्या पदातच लपलेला होता.

शाळेत आपल्याला याच समीकरणाचे अवयव पाडायला शिकवतात. ज्यांचा गुणाकार ७६८ आणि बेरीज ६४ अशा दोन संख्या शोधायच्या, की मधल्या पदाची फोड होते आणि समीकरण दोन कंसांच्या गुणाकारात बसतं. गुणाकार शून्य असेल तर दोघांपैकी एक कंस शून्य असलाच पाहिजे, म्हणून उत्तरं दोन. रीत चुकीची नाही, पण तिच्यात नशिबाचा भाग फार. २ आणि ३८४? नाही. ३ आणि २५६? नाही. ४ आणि १९२, ६ आणि १२८, ८ आणि ९६... मुलं परीक्षेत घामाघूम होतात ती इथं. पुस्तकातली गणितं सुटतात, कारण ती सुटावीत म्हणूनच बेतलेली असतात. उत्तरात अपूर्णांक किंवा वर्गमूळ आलं की ही शोधाशोध जन्मभर चालेल.

आरशाजवळ उभं राहिलं तर शोधावं लागतच नाही. ज्या दोन संख्यांची बेरीज ६४, त्या बत्तीसपासून सारख्याच अंतरावर असणार. हे अंतर किती ते माहीत नाही, त्याला द म्हणू. एक संख्या ३२ + द, दुसरी ३२ − द. त्यांचा गुणाकार म्हणजे ३२ चा वर्ग वजा द चा वर्ग. तो ७६८ हवा. ३२ चा वर्ग १०२४, त्यातून ७६८ गेले, राहिले २५६. द म्हणजे १६. संपलं. कुठंही अंदाज नाही, चाचपडणं नाही.

आणि गंमत पाहा: द साठी जे समीकरण उरलं त्यात द चा वर्ग आहे, नुसती संख्या आहे, पण नुसता द कुठेच नाही. मधलं पद नाहीसं झालंय! सगळा त्रास त्या एका पदाचा होता. भास्कराचार्यांच्या ग्रंथात वर्गसमीकरणांच्या प्रकरणाला नावच आहे ‘मध्यमाहरण’. सीताहरणातलं हरण घ्या आणि अर्थ लावा: मधल्याला पळवून नेणं. इतकं नेमकं नाव असताना आपण ‘पूर्ण वर्ग पद्धती’ असं रुक्ष काहीतरी का म्हणतो, कोण जाणे.

अर्थात ‘पूर्ण वर्ग’ या नावातही एक चित्र दडलेलं आहे, पण ते फळ्यावर क्वचितच उमटतं. त्यासाठी कागद आणि कात्री घ्या. चित्र आहे बगदादचं, साधारण इसवी सन ८२० चं. खलिफा अल-मामूनच्या काळात अल-ख्वारिझ्मी नावाच्या गणितज्ञानं एक पुस्तक लिहिलं. त्याच्या शीर्षकातल्या ‘अल-जब्र’ या शब्दावरून ‘अल्जिब्रा’ आला आणि खुद्द त्याच्या नावावरून ‘अल्गोरिदम’. त्यातलं एक समीकरण तेव्हापासून आजतागायत फिरतंय: क्ष वर्ग आणि १० क्ष मिळून ३९.

क्ष वर्ग म्हणजे खरोखरचा चौरस, बाजू क्ष. तो कापून टेबलावर ठेवा. १० क्ष म्हणजे क्ष लांबीची आणि दहा रुंदीची पट्टी. ती चौरसाच्या एकाच अंगाला चिकटवली तर नुसता लांबोडका आयत होतो, काही हाती लागत नाही. म्हणून पट्टी उभी चिरून तिचे दोन भाग करा, प्रत्येकाची रुंदी पाच. एक चौरसाच्या उजवीकडे लावा, दुसरा खाली. आता जवळजवळ मोठा चौरस झालाय. जवळजवळच, कारण खालचा उजवा कोपरा रिकामा आहे. त्या रिकाम्या जागेची लांबी पाच, रुंदी पाच. तिथे २५ चा तुकडा हवा. तो बसवला की ३९ आणि २५ मिळून ६४. मोठ्या चौरसाची बाजू आठ. त्यातले पाच पट्टीचे, उरले तीन. क्ष तीन.

‘मधल्या पदाच्या सहगुणकाच्या निमपटीचा वर्ग दोन्ही बाजूंत मिळवा’ हे वाक्य आपण सगळ्यांनी घोकलेलं असतं. त्या वाक्याचा अर्थ एवढाच: पट्टी दोन भागांत चिरा आणि रिकामा कोपरा भरा. निमपट का? कारण पट्टी चौरसाच्या दोन अंगांना वाटायची असते. वर्ग का? कारण राहिलेला कोपरा चौकोनी असतो. हे ज्याला एकदा दिसलं त्याला ती पायरी पुन्हा पाठ करावी लागत नाही.

अल-ख्वारिझ्मीला ही युक्ती सुचली तेव्हा ती नवी होती का? मुळीच नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मातीची एक वीट आहे, क्रमांक १३९०१. बाबिलोनियातली, इसवी सनापूर्वी सतराशे-अठराशेच्या आसपासची. ओल्या मातीवर बोरूनं टोचून खिळ्यांसारखी अक्षरं उमटवलीयत. तिच्यावरचं पहिलंच गणित असं: चौरसाचं क्षेत्रफळ आणि त्याची बाजू यांची बेरीज पाऊण, तर बाजू किती?

त्या वेळी ना क्ष होता, ना बरोबरचं चिन्ह (ते १५५७ साली इंग्लंडात रॉबर्ट रेकॉर्डनं काढलं). तरी विटेवर पायरीपायरीनं कृती दिलीय. एकाचं अर्धं कर. अर्ध्याचा वर्ग कर, पाव. तो पाऊणमध्ये मिळव, पूर्ण एक. एकाचं वर्गमूळ एक. त्यातून अर्धा काढ. बाजू अर्धी.

पाव, पाऊण, अर्धा: पावकी-निमकी-पाऊणकी तोंडपाठ असलेल्या आपल्या पणजोबांना हे गणित मनातल्या मनात आलं असतं. विटेवर पाऊण लिहिलाय मात्र ४५ असा, कारण ते लोक साठाचे हिस्से मोजत. पाऊण तासाची ४५ मिनिटं आपण अजूनही त्यांच्याच हिशेबानं मोजतो.

बराच काळ अभ्यासकांना वाटे की हा सगळा निव्वळ आकड्यांचा खेळ आहे. डॅनिश इतिहासकार येन्स ह्योयरुप यांनी त्या भाषेतली क्रियापदं नीट लावून पाहिली. अर्धं करण्यासाठी लेखनिकानं वापरलेला शब्द ‘मोडणे’ या अर्थाचा आहे. म्हणजे तो भागाकार करत नव्हता, पट्टी मोडत होता! क्षेत्रफळात बाजू कशी मिळवणार, हा प्रश्नही मग सुटतो: बाजूला एक रुंदी दिली की तिची पट्टी होते. बगदादच्या चौरसाच्या अडीच हजार वर्षं आधी कुणीतरी तोच रिकामा कोपरा भरत होतं.

आता त्या सूत्राकडे वळू, ज्याची दहावीत सगळ्यांना धास्ती असते. अ क्ष वर्ग + ब क्ष + क = ० असेल, तर ब चा वर्ग वजा चार अक यांचं वर्गमूळ, त्याच्या आधी वजा ब, अधिक-उणे, आणि खाली दोन अ. मला शाळेत असताना एकच प्रश्न छळायचा: हा चार आला कुठून? विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तर ‘सूत्रात आहे म्हणून’ असं उत्तर मिळालं असतं, हा माझा अंदाज.

चाराचं श्रेय श्रीधराचार्यांच्या रीतीला द्यायला हवं. ते भास्कराचार्यांच्या आधीचे. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण ही रीत उरली, कारण भास्कराचार्यांनी त्यांचं नाव घेऊन ती आपल्या ग्रंथात उतरवून ठेवली. अडचण अशी असते की मधला सहगुणक विषम असला की निम्मं करताना अपूर्णांक येतो, आणि क्ष वर्गाला दुसरा आकडा चिकटलेला असला की आणखी घोळ होतो. श्रीधराचार्य सांगतात, सुरुवातीलाच सगळ्याला वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीनं गुणा, मग मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवा. अपूर्णांकाचं तोंड बघावं लागत नाही.

‘लीलावती’तल्या भुंग्यांवर ही रीत चालवून पाहू. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ, तेवढे भुंगे मालतीच्या फुलांवर गेले, थव्याचे आठ नवमांशही गेले. रात्री कमळात एक भुंगा अडकलाय आणि बाहेर त्याची सखी गुणगुणतेय. हे दोघे उरलेले. निम्म्याच्या वर्गमुळाला म म्हटलं तर थवा म वर्गाच्या दुप्पट, आणि हिशेब येतो २ म वर्ग − ९ म = १८. दोनाची चौपट आठ; आठानं गुणलं, १६ म वर्ग − ७२ म = १४४. नवाचा वर्ग ८१ मिळवला, उजवीकडे झाले २२५. आणि डावीकडे? ४ म वजा ९ याचा पूर्ण वर्ग, जणू आधीपासून वाटच पाहत होता. २२५ चं मूळ १५. म्हणून ४ म म्हणजे २४, म सहा, थवा ७२. सूत्रातला ब वर्ग वजा चार अक, म्हणजे पुस्तकातला ‘विवेचक’, तो हाच २२५. चार तिथे आहे तो अपूर्णांक टाळण्याच्या सोयीसाठी. एका शिक्षकानं विद्यार्थ्यांचे कष्ट वाचवायला केलेली तरतूद, आणि आपण तिलाच घाबरतो.

पण १५ प्रमाणे −१५ चाही वर्ग २२५ होतो. तो घेतला तर म येतो उणे दीड आणि थव्यात भुंगे निघतात साडेचार. वर्गमूळ उणे येणं आणि अर्धा भुंगा उडणं, दोन्ही एकदम! हे उत्तर कुणी घेणार नाही. मग माकडांची दोन्ही उत्तरं का घेतली?

भास्कराचार्यांनी हा प्रश्न मुद्दाम उभा केलाय, असं मला वाटतं. कारण पहिल्या कळपानंतर लगेच ते दुसरा कळप आणतात. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत शिरली. एक फांदीवर चढलेलं दिसलं. समीकरण लिहिलं की बेरीज ५५, गुणाकार २५०. उत्तरं पन्नास आणि पाच. पन्नास ठीक: दहातून तीन गेले सात, सातांचा वर्ग ४९, फांदीवरचं एक. पाच घेतले तर पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन काढायचे, म्हणजे उणे दोन माकडं. त्यांचा वर्ग चार आणि फांदीवरचं एक, पाच. आकडा जुळतो! तरी ते म्हणतात, दुसरं उत्तर घेऊ नका, कारण ऋण झालेल्या वस्तूवर लोकांची प्रतीती बसत नाही.

गणित दोन दारं उघडून देतं, कोणत्या दारानं जायचं ते गोष्टीकडे पाहून ठरवावं लागतं. भिनमाळच्या ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली ऋण संख्यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम लिहिले होते, तेव्हा ऋणाची भीती इथं कुणाला नव्हती. म्हणून तर ‘पाच’ हे उत्तर निघालं आणि मग नाकारलं गेलं. अल-ख्वारिझ्मीच्या ३९ च्या गणितालाही दुसरं उत्तर आहे, −१३, पण कागदाच्या चौरसात ते दिसूच शकत नाही.

असा निवाडा आपणही करतो. खोल विहिरीत दगड सोडा आणि ‘डुबुक’ ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. समजा तीन भरले. दगड ट सेकंदांत ४.९ गुणिले ट वर्ग एवढे मीटर पडतो, आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगानं वर येतो. दोन्ही वेळांची बेरीज तीन. आवरून लिहिलं की उरतं: ट वर्ग + ७० ट = २१०. (३४३ ला ४.९ नं भागलं की नेमके सत्तर यावेत, ही निसर्गाची नाही, आकड्यांची कृपा.) सत्तराचं निम्मं पस्तीस, कोपरा १२२५ चा, एकूण १४३५, त्याचं मूळ सुमारे ३७.८८. दगड पडायला २.८८ सेकंद लागले, पाणी साधारण ४०.७ मीटर खोल. आवाजाचा वेळ सोडून दिला असता तर ४४ मीटर आले असते, म्हणजे दोर तीन मीटर जास्त आणला असता. आणि दुसरं उत्तर? दगड सोडण्याच्या सुमारे त्र्याहत्तर सेकंद आधीचा क्षण. भास्कराचार्यांची परवानगी आहे, सोडून द्या.

कधी कधी दोन्ही दारं बंद असतात. दहाचे असे दोन भाग करा की गुणाकार ४० येईल. आरसा पाचवर, पाचाचा वर्ग २५. आरशापासून जितकं लांब जावं तितका गुणाकार कमीच होतो, मग ४० येणार कुठून? द वर्ग उणे पंधरा निघतो. ऋण संख्येला वर्गमूळ नाही, असं भास्कराचार्यांनी स्पष्ट लिहिलंय. हेच गणित इटलीतल्या कार्दानोनं १५४५ साली छापलं आणि त्या अशक्य मुळांनिशी गुणाकार करून ४० आणून दाखवले. पुढे त्यातून अख्ख्या कल्पित संख्या निघाल्या, पण ती गोष्ट फार लांब जाते.

आपल्याला जायचंय त्याहून जवळ, चाळीसगावला. तिथून थोड्या अंतरावर पाटण आहे, पाटणादेवीचं. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांना तिथे एक शिलालेख सापडला, शके ११२८ चा. यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं तिथे मठ स्थापला, ही त्या लेखातली नोंद. लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळींत भाषा बदलते आणि मराठी सुरू होते, कारण तिथे पैशाचा हिशेब आहे आणि तो गावाला कळायला हवा. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरचा राजाचा वाटा मठाला, आणि गावातल्या घाण्यांकडून मठाला तेल.